डाव्या बाजूचा चाप

१२ सप्टेंबर

चिनात्सुने आज कुत्र्याचा पट्टा दाखवला. आपल्याच रेशमाचा, आपल्याच गुंफणीचा. किमोनोच्या रुंद पट्ट्यावरून बांधायची दोरी आमच्या कुसाका घराने चार पिढ्या गुंफली. पाचवी पिढी ती कुत्र्याच्या गळ्यात बांधणार. ओसाकात जाहिरातींच्या कंपनीत इतकी वर्षं काढून लेक घरी परतली ती हे शिकून.

"आई, किमोनो नेसतंय कोण आता? कुत्री मात्र घरोघरी आहेत."

"मग कुत्र्यांनाच नेसव किमोनो," मी म्हटलं. तिने ते लिहून घेतलं. गंमत म्हणून नाही – खरंच लिहून घेतलं.

हे गुंफणीच्या गोल पाटाशी बसून रिळं या बाजूची त्या बाजूला टाकत होते – टक, टक. माझा चहाचा पेला पुन्हा डावीकडे ठेवलेला. हल्ली रोजचंच झालंय. चाळीस वर्षं संसार केला आणि पेला कुठे ठेवायचा ते आत्ता विसरले! उचलून उजवीकडे ठेवला.

१४ सप्टेंबर

लोणच्याची बरणी उघडली नाही. झाकण खराब आहे असं जाहीर केलं. झाकण उत्तम आहे. उजवा अंगठा खराब आहे.

२० सप्टेंबर

व्यापारी संघाच्या निशिवाकींचा फोन. नोव्हेंबरच्या क्योटोच्या प्रदर्शनाबद्दल. "वहिनी, तुमची गाठ बघितल्याशिवाय माझ्या दुकानदारांना ऑर्डर लिहिता येत नाही हो."

दर वर्षी मी तिथे किमोनो नेसून चौथऱ्यावर उभी राहते आणि सगळ्यांसमोर आमची दोरी बांधते. एका ओढीत. मग म्हणते, ओढून बघा. कुणी कितीही ओढो, सरकत नाही. वर्षाचं काम त्या एका गाठीवर मिळतं. गेलं वर्ष इतकं कोरडं गेलं, की यंदा ऑर्डरी आल्या नाहीत तर कारखाना बंद, हे आम्ही तिघांनी बसून ठरवलंय.

"येतेच की," म्हटलं आणि फोन ठेवला. डाव्या हाताने.

डॉक्टर म्हणतो सांधा झिजलाय, ओढाताण करू नका. आमचा धंदाच ओढाताणीचा आहे हे त्याला कुणी सांगावं? घरात बोलले नाही. कुसाकांच्या घरची बाई कुसाकांची दोरी बांधू शकत नाही – ही जाहिरात चिनात्सुलासुद्धा सुचणार नाही.

५ ऑक्टोबर

आज नवा चमत्कार. लाल-सोनेरी दोरी, गाठ आधीच शिवून तयार, आणि बाजूला चुंबकाचा चाप. बांधायचं काही नाही. लावली की झालं.

"हात नसलेल्या बायकांसाठी का?" मी विचारलं.

"वेळ नसलेल्या बायकांसाठी," चिनात्सु म्हणाली.

मग मी दोरीची टोकं बघितली. खाली! आनंदाच्या प्रसंगी टोकं वर, मयताला खाली, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. ही आमची लेक मेजावर दोरी पसरून नेसणारीच्या नाही, आपल्या बाजूने शिवत बसली, आणि लग्नात मिरवायच्या दोरीची टोकं गेली जमिनीकडे.

"ही बांधून लग्नाला गेलं की आधी विचारतील, नवरा गेला की नवरी?"

तिचा चेहरा पडला. उसवून पुन्हा शिवते म्हणाली.

"आणि चाप डावीकडे कशाला? डावखुऱ्यांचा संघ निघालाय का कुठे?"

"ते माझं नाही, ते –"

"चुकलं ते चुकलं. वर वाद नको."

ह्यांच्या रिळांची टकटक जरा थांबली. मग सुरू झाली.

१९ ऑक्टोबर

पहाटे मागच्या खोलीत दार लावून सराव. गाठ बसता बसता सुटते. दोरी खाली पडली, तिच्यासोबत आरशाशेजारची डबीही.

दाराबाहेरून हे: "काही पडलं का?"

"मांजर."

"आपल्याकडे मांजर नाही," म्हणाले आणि गेले. महिन्यातून एकदा बोलायचं आणि तेही हे.

१ नोव्हेंबर

सर्दीचं निमित्त करावं असं मनात आलं. माझ्या सासूबाई ताप अंगावर घेऊन चौथऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. जाणार.

९ नोव्हेंबर, क्योटोहून परतताना गाडीत

सगळं लिहून टाकते. डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला माफी.

डाव्या हाताने दोरी फिरवताना उजव्या अंगठ्याने दोन पदरांची फुली दाबून धरायची असते. चौथऱ्यावर ऐन वेळी अंगठ्याने ती सोडली. दोरी घसरून माझ्या पायाशी. शेजारच्या गाळ्यात कुणीतरी तांदळाचं बिस्किट चावलं तेही ऐकू आलं.

आणि हे चौथऱ्यावर चढले. इतक्या वर्षांत एकदाही चढले नव्हते. हातात ती लाल-सोनेरी. टोकं वर. माझ्याकडे न बघता समोरच्यांना म्हणाले, "आता ही बघा." भाषण संपलं.

मी ती कमरेवर घेतली, डाव्या हाताने चाप लावला. टक्. "ओढा," म्हटलं. आवाज माझाच होता बहुतेक.

नारा शहरच्या दुकानवाल्या हातानाका बाई पुढे आल्या. ऐंशीच्या घरातल्या, त्यांच्या जिभेला सगळा बाजार भितो. दोरी धरून अशी ओढली, की मी हलले, दोरी नाही. मग कानाशी वाकून म्हणाल्या, "बोटं गेलीत माझी. किमोनो सोडला. लोकांना कारण गुडघ्याचं सांगते. पहिली मला पाठव, आणि बोलू नकोस कुठे." त्यांच्यामागे रांग लागली. त्यातल्या कितीजणींचे गुडघे दुखतात कोण जाणे. कारखाना चालू राहील.

चिनात्सु अजून हवेत आहे. "आई, दोरी पाडलीस ते नाटक फर्मास! आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू त्याला मागून संगीत लावलं असतंस."

"पण सगळ्या विचारत होत्या, चाप डावीकडे का. काय सांगणार? बाबांनी बजावलं होतं, डावीकडेच लाव. चाप हवा हेही त्यांचंच. मला वाटलं वय झालं, डावं-उजवं चुकतंय."

हे समोर खिडकीला डोकं टेकून झोपलेत. किंवा तसं दाखवतायत.

१० नोव्हेंबर

सकाळचा चहा. पेला डावीकडे. वसंतात चेरी फुलली होती तेव्हापासून तिथेच असतो.

आज उचलून उजवीकडे ठेवला नाही.