चार वर्षांनी पुन्हा

२४ ऑगस्ट १९७९

पुन्हा आली! चार वर्षांनी! चौपन्नाव्या वर्षी हे काय भलतंच? परवा गणपती, पाठोपाठ गौरी. सासूबाई खास पुण्याहून इथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला आल्यात. त्यांना कळलं की मी बाजूला बसायचं — मग गौरींच्या सोळा भाज्या कोण करणार? हे? छे! झाकली मूठ सव्वा लाखाची.

२५ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरच्या कुमुदला तेवढं सांगितलं. खो-खो हसली. "अच्छा! पुन्हा तरुण झालीस की यार!" मीही हसले. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

२७ ऑगस्ट

थांबत नाही. काल याच हातांनी मोदक केले. देवा, माफ कर.

दुपारी रेडिओवर एक डॉक्टरीणबाई कॅन्सरवर बोलत होत्या. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर, तरी लगेच दाखवा म्हणाल्या. मी खटकन बंद केला. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, लाव की! ऐकत होते ना मी!" सेल संपलेत म्हणून थाप मारली.

२८ ऑगस्ट

डिस्पेन्सरीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. बाकावर ह्यांच्या सेक्शनमधले दोघे, सहकुटुंब. काय होतंय म्हणून विचारलं असतं तर? पण ते निमित्तच. आतली डॉक्टर खरंच तेच म्हणाली तर? भीती वाटते. फार भीती वाटते.

२९ ऑगस्ट, सकाळ

आज गौरी यायच्या, आणि बाथरूममध्ये टॉवेलखाली लपवून वाळत घातलेल्या कापडाच्या घड्या सासूबाईंच्या हाती लागल्या! आता तोंडाचा पट्टा सुटणार! पण त्यांनी आधी दार लावलं.

"अरुणा, तुझी गेली होती ना?"

"हो."

"मग हा विटाळ नव्हे. ती रेडिओवरची बाई काय म्हणाली ते मीही ऐकलंय. साडी बदल. डॉक्टरकडे चल."

"अहो आई, पण गौरी —"

"बसतील घटकाभर दारात. माहेरवाशिणीच त्या, समजून घेतील."

मला रडूच फुटलं. तीस वर्षं धाक बाळगला मी ह्या बाईचा!

२९ ऑगस्ट, दुपार

लेडी डॉक्टरने तपासलं. "इतने दिन छुपाया क्यों?" म्हणाली. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. मी उठले. सासूबाई उठेनात. माझा हात घट्ट धरून, खाली बघत म्हणाल्या, "मला हिंदी येत नाही. तूच सांग तिला — मला दोन वर्षांपासून असंच जातंय."