मामीचा उजवा गाल

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची चौकशी जरा खाली करतो, आधी बातमी. मामीचा फोटो तयार झाला. काल दुपारी फ्रेमवाल्याने स्वतः फोन करून कळवलं, आणि हा माणूस तीनदा तगादा लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा बातमी पक्की समजावी. काच बसली, मागे कडीही ठोकून झाली.

आता गुडघा. (जिना कमी चढा, असं मी लिहिणार आणि ते वाचायला तुम्ही चष्मा आणायला वर जाणार, म्हणून लिहीत नाही.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत.

अकरा आठवडे लागले, तुम्ही चारदा फोन केलात आणि चारही वेळा मी 'झालंच' म्हणालो, त्याची हकीकत सांगणं भाग आहे. मामीचा चेहरा दिसतो असा एकच फोटो घरात सापडला, तुमच्या निवृत्तीच्या दिवशीचा, त्रेचाळीस माणसांचा. बाकी प्रत्येक फोटोत ऐन वेळी ती चहाचं बघायला आत गेलेली. याही फोटोत ती मागच्या रांगेत, आणि उजवा गाल आमच्या उंच दादाच्या खांद्याआड. तुम्ही म्हणालात, "तेवढा खांदा बाजूला कर आणि तिला मोठी कर." गेली वीस वर्षं मी लोकांच्या सुरकुत्या आणि फाटके कोपरे दुरुस्त करतोय, मलाही ते सोपं वाटलं.

मी फोटो इतका बारकाईने स्कॅन केला की दादाच्या कॉलरचे टाके मोजता यावेत. त्यामुळे फाइल एवढी जड झाली की स्टुडिओतल्या सॉफ्टवेअरने मान टाकली. ब्रशचा एक फटका मारला की ते अख्खा फोटो, त्रेचाळीस माणसं खुर्च्यांसकट, उचलायचं आणि पुन्हा जागेवर ठेवायचं. एका फटक्याला चार मिनिटं. खोटं कशाला बोलू, ती चार मिनिटं मला आवडायची. माझ्या खिडकीसमोर लाँड्रीची गच्ची आहे, तिथे पांढऱ्या चादरी वाळत असतात. चादरीत वारा भरला की मला वाटायचं, आपली सगळी मंडळी खुर्च्यांवर बसल्या बसल्या छपरांवरून हळूहळू चालली आहेत, आणि मामी मधूनच विचारते आहे, अजून कोणाला अर्धा कप? तेवढ्यात ब्रश परत यायचा आणि मी काय पुसत होतो तेच मला आठवायचं नाही. तीन आठवड्यांत मी दादाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचलो.

शेवटी बायकोने तिच्या भावाला बोलावलं. (हा मेव्हणा दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी त्याबद्दल बोलतो.) त्याने एक फटका पाहिला, घड्याळ पाहिलं, मला पाहिलं. "भावजी, एक कॉलर पुसायला अख्खं वऱ्हाड उचलता?"

"मग काय करू?"

"ज्याची कॉलर, त्यालाच हात लावा की."

त्याने सॉफ्टवेअरची फोटो साठवण्याची पद्धतच बदलली. फोटोचे लहान लहान चौकोन केले, प्रत्येक चौकोनाला एक खण. ब्रश जिथे असेल तेवढाच खण उघडायचा, बाकीचे निजू द्यायचे. आणि एकसारखे चौकोन दहादा ठेवायचे नाहीत. मागची भिंत सगळीकडे सारखीच, तर भिंतीचा एकच खण ठेवून बाकीच्या जागी नुसती चिठ्ठी, 'तिकडे बघा'. ब्रश पाण्यावरून फिरावा तसा फिरायला लागला. (चादरींकडे बघायला वेळ उरेना, ही एकच तक्रार.)

घोळ असा, की वेग वाढवण्यासाठी त्याने 'एकसारखे' यात 'जवळजवळ एकसारखे'ही धरले होते. चाचणी घेतली होती डोंगरांच्या फोटोंवर. आपल्या घराण्यावर घेतली नव्हती. त्या दिवशीसाठी तुम्ही नऊ जणांना एकाच ताग्यातून पांढरे शर्ट शिवलेत, ते सगळे एकाच खणात. मी दादाचा खांदा पुसून तिथे भिंत लावली, आणि नऊ पुरुषांचे खांदे एकदम गेले. डोकी तेवढी शांतपणे तरंगत राहिली. मी बराच वेळ बघत बसलो. धाकटे काका इतके निवांत कधी दिसले नव्हते. मग आईच्या हनुवटीवरचा डाग पुसला, तर मावशीचा तीळ गेला, ज्याच्या जोरावर ती अजून आरशासमोर उभी राहते.

मेव्हण्याने कपाळाला हात लावला आणि दुरुस्ती केली. सामायिक खणाला कोणी हात लावला, की आधी त्याला स्वतःची वेगळी प्रत द्यायची. खांदे परत आले, तीळ परत आला. 'जवळजवळ' मात्र त्याने तसंच ठेवलं, कारण सगळा वेग त्यातच होता.

मग एका सकाळी दादाचा खांदा नीट निघाला. त्याच्याखाली काहीच नव्हतं. कॅमेऱ्याने जे पाहिलंच नाही ते कुठून असणार? खण रिकामे. मी विचार करायच्या आत सॉफ्टवेअरने सगळ्यात जवळचे चौकोन शोधून तिथे बसवले, आणि मामी माझ्याकडे बघायला लागली. पुरती. आतून हाक मारून बोलावलं म्हणून येऊन उभी राहिल्यासारखी. मेव्हणा हळूच म्हणाला, "जमलं की हो." दुसऱ्याच दिवशी फोटो छपाईला दिला.

तब्येत सांभाळा. सर्वांना यथायोग्य.

तुमचा भाचा

ता.क. तो गाल कुठल्या खणातून आला, हे मी मेव्हण्याला शोधायला लावलं. पहिली रांग, मधली खुर्ची. मामा, तो तुमचा गाल आहे. घरातल्या त्रेचाळीस जणांत मामीच्या सगळ्यात जवळचं त्याला दुसरं कोणी सापडलं नाही. आम्ही दोनदा तपासलं.

आणखी एक. दुसऱ्याच दिवशी छपाईला दिला, हे वर लिहिलं ते खरं नाही. सॉफ्टवेअरने तीन आठवडे घालवले, पुढचा बहुतेक वेळ मीच. मामीला उजव्या गालावर खळी होती का, असं मी सगळ्यांना विचारत फिरलो. आई म्हणते होती, मावशी म्हणते डाव्या, दादा म्हणतो मी पुढे उभा होतो, मला काय माहीत. ज्याला माहीत, त्याला विचारायचा धीर झाला नाही. म्हणून आता विचारतो. नीट बघा. फोटोतली ती मामी नसेल तर तसं सांगा, माझ्या शेजारी येऊन बसा, तुम्ही सांगाल तसा गाल मी काढतो. आता एका फटक्याला क्षणही लागत नाही. ती असेल तर काही बोलू नका.

हे पत्र फ्रेमच्या आधी पोचावं म्हणून मेव्हण्याच्या हाती पाठवतोय. (त्याला रागावू नका, आणि डोंगरांचा विषय काढू नका.) फ्रेमवाल्याचा माणूस गुरुवारी चारला येईल. मी पाचला येतो. मधला तास तुम्हा दोघांचा.