माऊलीमामांनी दिलेल्या जीपच्या आवाजाबद्दल

तीर्थरूप माऊलीमामा,

कोमलचा वाकून नमस्कार. वलवणला धुकं उतरलं असेल आणि मामींचा गुडघा पुन्हा धरला असेल. त्यांना म्हणावं, बंगल्यांचे जिने चढायची कामं सध्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. इकडे लावणी आटोपली. आई बरी आहे, आण्णा (तुमचे दाजी) बरे आहेत, म्हैसही बरी आहे. बरी नाही ती फक्त तुम्ही दिलेली जीप, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे असं सध्या अख्खं गाव मानतं.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा तुम्ही तिला हार घालून, बॉनेटवर नारळ ठेवून आमच्या दारात उभी केलीत आणि म्हणालात, "घरातली पयली शिकल्याली पोर हाय, तिला आता पायी चालवायची न्हाई." आई त्या दिवशी इतकी रडली की पेढे वाटायचे राहून गेले. मी मात्र त्याच रात्री ठरवलं, की या जीपमधून मी एकटी फिरणार नाही. वस्तीवरच्या दहावी झालेल्या मुली कामशेतच्या कॉलेजात जातील, आण्णा सोडतील, आण्णाच आणतील. (एसटी आहे, पण तिच्या वेळांचा आणि कॉलेजच्या वेळांचा काही संबंध नाही.) शेजारच्या कस्तुराबाई त्यांच्या अनिताला पाठवायला तयार नव्हत्या. मी माझ्या शब्दावर त्यांना तयार केलं. मुली पंधरवडाभर गेल्या, हसत गेल्या, हसत आल्या. तिथेच थांबायला हवं होतं.

चांगल्या चाललेल्या गाडीला हात लावू नये, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं. आण्णांनी. दोनदा.) पण मी फोनवर जीपचं माहितीपुस्तक वाचलं. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातलं गिअर ऑइल ठराविक अंतराने बदलावं असं त्यात लिहिलेलं, आणि ते कधी बदललं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. वस्तूची निगा राखणं हे चांगल्या नागरिकाचं लक्षण आहे, असं मी आण्णांना समजावलं. आण्णा "व्हय" म्हणाले आणि जॅक घेऊन आले. बूच काढल्यावर आतून काळ्या पिठल्यासारखं काहीतरी लोळत बाहेर आलं. मी जमलेल्या मंडळींना सांगितलं, बघा, निष्काळजीपणा असा दिसतो. (मामा, त्याआधी गाडी तुमच्याकडे होती, हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही. क्षमा असावी.) रखमाजी आबांना ते जुनं तेल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी हवं होतं. मी त्यांनाही दिलं नाही. पावसाने वाहून ते ओढ्यात जाईल, यावर छोटं भाषण केलं आणि सगळं कॅनमध्ये भरून झाकण लावून ठेवलं. मग गोळ्यात नवंकोरं तेल भरलं.

दुसऱ्या दिवशी मुली बसल्या, आण्णांनी गाडी काढली, आणि वस्तीच्या वळणावरच मागून असा हुंदका निघाला की कस्तुराबाई घरातून बाहेर आल्या. वेग वाढला की तो रडका सूर चढायचा, आण्णांनी पाय काढला की एकदम गप्प. गावात जो तो निदान करू लागला. कुणी म्हणालं टायर, कुणी म्हणालं नजर लागली. रखमाजी आबा म्हणाले, "गाडी अडाणी व्हती तवर गुमान चालत व्हती. पोरीनं तिला शिकवली, आता गप बसंना." कस्तुराबाई मात्र हसल्या नाहीत. "तुजं तेल लय चांगलं आसंल गं, पन घाटात बंद पडली तर माजी पोर कुटं बसंल?" एवढंच म्हणून त्यांनी अनिताला खाली उतरवलं. मग बाकीच्याही उतरल्या.

मी हार मानली नाही. बोट घालून तेलाची पातळी पाहिली, बरोबर होती. मागची चाकं पुढे घातली, आवाज मागेच राहिला. चाकाचं बेअरिंग असतं तर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही गुरगुरलं असतं, म्हणून तेही नाही. मग जीपच्या मागच्या फरशीला कान लावून आडवी झाले आणि आण्णांना टाकवे गावापर्यंत चालवायला लावलं. (रस्त्यात भेटलेल्या तिघांनी दवाखान्यात नेताय का म्हणून विचारलं.) आवाज थेट गोळ्यातूनच येत होता. कामशेतच्या गॅरेजवाल्यालाही तेच वाटलं, आतल्या चक्रांचे दात झिजलेत. पण दात एका रात्रीत झिजत नाहीत. म्हणून घरी येऊन कॅनचं झाकण उघडलं. तेल वर आलं होतं, तळाशी जाड थर बसला होता. थोडा चिमटीत घेतला, साबणाने धुतला. मामा, तो भाताचा कोंडा होता.

मी काहीही म्हणत नाही. ज्याने तुम्हाला ही जीप विकली, त्यानेच आवाज दाबायला तो घातला असणार, असं मी ठरवून टाकलं आहे. तसं नसेल तर मला कळवू नका.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी तेल बदललं नसतं तर अनिता आज वर्गात असती. आता ती शेळ्यांमागे असते आणि मी दिसले की रागावत नाही, विचारते, "ताई, झाली का गाडी?" काल मी कणगीशेजारी ठेवलेल्या कोंड्याच्या पोत्यापाशी जाऊन उभी राहिले होते. चार मुठी पुरल्या असत्या. मुली पुन्हा बसल्या असत्या, हसल्या असत्या. मी तशीच परत फिरले, आणि बरोबर वागल्याचा मला जराही आनंद झाला नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
कोमल

ता. क. : गॅरेजवाला दुसरी दातांची जोडी बसवून देतो आहे, ती चिंता नाही. चिंता कस्तुराबाईंची आहे. माझ्या शब्दावर त्यांचा आता विश्वास नाही. गाडी मी बिघडवली, तर दुरुस्त झाली हेही मीच सांगणार, असं त्या म्हणतात. तुम्ही येऊन त्यांच्यासमोर सांगितलंत, की आवाज जुनाच आहे, गाडी तो घेऊन घाट चढायची आणि कधी कुणाला वाटेत सोडलं नाही, तर त्या अनिताला पाठवतील. तेव्हा तिथे आईही असेल हे मला कळतं. मी तिला कोंड्याचं सांगितलेलं नाही. भावाने दिलेली जीप म्हणून ती रोज तिची काच पुसते. (हे फोनवर बोलले नाही, कारण तुम्ही स्पीकर लावता.)

आणखी एक : आईने पत्र वाचून दाखवायला लावलं. कोंडा गाळून मी सगळं वाचलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आनि कोंड्याचं लिवलं न्हाईस व्हय?" जीप द्यायच्या आधी तुम्ही आमच्याच घरून पोतंभर कोंडा नेलात, कोंबड्यांना पाहिजे म्हणालात. "त्याच्याकडं कवा व्हत्या कोंबड्या?" आवाज आला त्या सकाळीच तिला उमजलं होतं. तिला वाईट इतकंच वाटतं, की पिल्लांच्या घशात अडकू नये म्हणून तिने तो दोनदा चाळून दिला होता. रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलं आहे. कस्तुराबाईंनाही.