आमेन म्हणायच्या आधी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून पदर नीट करते. मेट्रन म्हणून तुमचा धाकच तसा होता. आणीबाणी उठली त्या वर्षीचा पावसाळा आठवतो ना? रोवणी लागली आणि भंडाऱ्याच्या आपल्या मिशनच्या दवाखान्यातल्या अर्ध्या नर्सपोरी धान लावायला गावी पळाल्या. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. माझी ड्युटी संपली की गावी गेलेल्या मोहाडीवालीची करायची, तिची झाली की आणखी कुणाची. तीन रविवार चर्चचं तोंड पाहिलं नाही. येशूच्या नावानं चाललेल्या दवाखान्यात थकले म्हणणं म्हणजे विश्वास कमी पडला, अशी माझी वेडी समजूत. आतून मात्र राग यायचा, आधी त्या पोरींचा, मग खुद्द देवाचा. नोकरी सोडते अशी चिठ्ठी लिहून एप्रनच्या खिशात घालून फिरत होते.

सकाळच्या औषधाआधी ड्युटीवालीनं वॉर्डात प्रार्थना करायची, आपला नेम. आमेन होईपर्यंत बाया डोळे उघडत नसत, मग त्या कुठल्याही धर्माच्या असोत. एके सकाळी मी खाटेचा दांडा धरून उभी आहे. 'हे स्वर्गातल्या पित्या' एवढं म्हणते आणि तिथंच झोपते. उभ्या उभ्या! किती वेळ गेला कोण जाणे. लाखांदूरकडची एक म्हातारी हगवणीनं भरती होती, शेवटी तीच बोलली, "बाई, तुमचा देव लय दूर रायते का वो? आमी केव्हाच्या डोळे मिटून बसलो."

सगळा वॉर्ड हसला आणि दारात औषधाचा ट्रे घेऊन तुम्ही. मला रडूच फुटलं. म्हटलं, मले आता प्रार्थनाही जमत नाही, आणि ती चिठ्ठी तुमच्या हातात कोंबली. तुम्ही ती शांतपणे वाचलीत.

"काहून वो, देव जग घडवून सातव्या दिवशी काम ठेवून बसला. तुले बसाले लाज वाटते? त्याच्याहून जास्त कामाची हायेस का तू?"

"पण मी प्रार्थना करता करता झोपली, बाई."

"मंग? त्याच्याजवळच झोपली ना. बिघडलं काय?"

मग माझी अर्धवट प्रार्थना तुम्हीच पुरी केलीत, वॉर्ड स्वतःकडे घेतलात आणि मला चर्चमध्ये पाठवलंत. मी बाकावर दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपले. जागी झाले तेव्हा मुलं गाण्याचा सराव करत होती. मी तशीच पडून राहिले. देवाकडे काही मागावंसं वाटेना, आणि तोही माझ्याकडून काही मागत नव्हता. इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीच्या तुम्ही औषधाच्या पुड्या बांधल्यात. मी नोकरी सोडली नाही आणि रविवारही पुन्हा सोडला नाही.

पुढं मीही मेट्रन झाले. थकलेल्या पोरींना चर्चमध्ये धाडत आले, विसावा तिथं मिळतो म्हणून सांगत आले. खरंच मिळतो, मला जन्मभर पुरला. आता हे लिहिलेलं घडी करून ट्रंकेत ठेवीन, टाकणार तरी कुठल्या टपालपेटीत? फक्त एक कबूल करायचं राहिलं. माझा वॉर्ड घेतलात त्याच्या आदल्या रात्री तुम्ही स्वतः बाळंतिणींपाशी जागल्या होतात, पाय सुजले होते तुमचे. मला ते महिन्याभरात कळलं होतं. कळूनही मी एकदासुद्धा म्हटलं नाही की बाई, आज तुम्ही निजा, वॉर्ड मी पाहते.