अंधाऱ्या खिडक्यांचा तक्ता

३ नोव्हेंबर
घरमालकीणबाई आल्या होत्या. मुलीकडे कायमच्या राहायला जाणार, म्हणून हे घर विकायचं म्हणतात. बारा वर्षांत तुम्ही भिंतीला खिळासुद्धा मला विचारून ठोकलात, तेव्हा पहिला मान तुमचा, महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही, असं म्हणाल्या. किंमत सांगितली. मी हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं. पण अर्थशास्त्राचा प्राध्यापक अशा आकड्याला दुसरं काय करणार?
बायको हसली नाही. तिने बाईंना आणखी अर्धा कप चहा दिला.

३ नोव्हेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
बायकोचं म्हणणं, घेऊन टाकू. दोन खोल्या, स्वयंपाकघर, काचा लावलेला व्हरांडा. तिचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटं, माझं कॉलेज पंधरा. कर्ज मिळेल, कमी पडलं तर तिचा भाऊ देईल. मी शांतपणे समजावलं की डोंगरावरच्या घरांचे भाव म्हणजे निव्वळ फुगा आहे, आज ना उद्या फुटणारच. ती म्हणाली, हा फुगा तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून फोडताय.
व्यक्तिगत टीका. मुद्द्याला उत्तर नाही.

५ नोव्हेंबर, सायं. ७
संशोधन सुरू. आमच्या गल्लीत बेचाळीस घरं. त्यातली बहुतेक सखल भागातल्या लोकांनी वर्षातून चार दिवस थंडी वाजवून घेण्यासाठी घेतलेली. एकाने चिमणी नसलेली शेकोटी बांधली आहे आणि तिच्यासमोर फोटो काढतो. असल्या लोकांच्या जिवावर बाजार किती दिवस उभा राहणार? रोज सातला अंधारी घरं मोजायची. रिकामी घरं सिद्ध झाली की भाव पडलाच पाहिजे.
नियम एक: आपलं घर मोजायचं नाही. निरीक्षकाने स्वतःला मोजणं अप्रामाणिकपणाचं.
नियम दोन: बाथरूमची खिडकी धरायची नाही. काही लोक दिवा तसाच ठेवून बाहेर येतात, त्यावरून घरात माणूस आहे असं ठरत नाही. हा नियम मोठ्याने वाचला तेव्हा बायको उठून आमच्या बाथरूमचा दिवा बंद करून आली.

९ नोव्हेंबर
एकेचाळीसपैकी बत्तीस अंधारात. बेकरीवाल्याचं घरही अंधारात होतं, पण तो पहाटे तीनला उठतो म्हणून लवकर झोपत असेल, अशी शंका आली. खात्री करायला दार वाजवलं. तो झोपलेलाच होता. काय बोलला ते लिहीत नाही. त्याचं घर उजेडात धरलं.

१४ नोव्हेंबर
बाईंना पत्र दिलं. तीस टक्के कमी, सोबत तक्ता. बायको म्हणाली, बाई सरळ मनाच्या आहेत, त्यांच्याशी भाजीवाल्यासारखी घासाघीस नको. मी म्हटलं, घासाघीस वेगळी, पुरावा वेगळा. (रात्रभर विचार केला: यात मला थोडी मजा येते आहे का? नाही. केवळ कर्तव्य.)

१७ नोव्हेंबर
बाईंना तक्ता कळला नाही, म्हणून त्यांनी तो मफलरला दाखवला. मफलर म्हणजे इथला घरांचा एजंट. उन्हातही मफलर काढत नाही. गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी बंद घर उघडतो, हीटर लावतो, खुर्चीवर एक पुस्तक उघडं पालथं घालून ठेवतो, म्हणजे कुणी आत्ताच वाचून उठलंय असं वाटावं. सगळ्या घरांत तेच पुस्तक. हा माणूस आज स्टाफरूममध्ये आला आणि हात जोडून म्हणाला, सर, हे तुम्ही स्वतः मोजलंत? एक सही केलेली प्रत मिळेल का?
दिली. सहीखाली पदवीही लिहिली. इतका खचलेला माणूस बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

२२ नोव्हेंबर
मफलर एका जोडप्याला आमचं घर दाखवायला घेऊन आला. दोघांचे बूट डोंगर चढायचे, चेहरे लिफ्टचे. नवऱ्याने हळूच विचारलं, इथे खरंच कुणी राहत नाही? हीच संधी. मी आकडेवारी तोंडपाठ सांगितली. शेजार नाही, वर्दळ नाही, संध्याकाळी सातनंतर स्मशान. दोघांचे चेहरे असे काही झाले की मला क्षणभर दया आली. मग त्याच्या बायकोने माझ्याकडे बघत मफलरला विचारलं, आणि हे? मफलर म्हणाला, हेही जाणार आहेत.
कुठे जाणार, ते कळलं नाही.

३० नोव्हेंबर, सायं. ६
बाईंना फोन केला. मन मोठं करून वीस टक्क्यांवर आलो. त्या म्हणाल्या, अहो, दुसरीकडून जास्त मिळत असताना मी तुमच्यासाठी थांबले, सांगितलेल्या किमतीला आत्ता हो म्हणा. बायको समोर उभी होती. तिने नुसती मान हलवून हो म्हणा म्हणून सांगितलं. मी फोनवर म्हटलं, विचार करून उद्या कळवतो. दडपणाखाली निर्णय घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
बायको आत गेली. आज बाथरूमचा दिवा मीच बंद केला. तिला आठवण नव्हती.

१ डिसेंबर
घर गेलं. बूटवाल्या जोडप्याला, सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त भावाने. मफलरचं नवं माहितीपत्रक बेकरीच्या काउंटरवर होतं. वर ठळक अक्षरांत ‘शांततेची हमी’, खाली माझा तक्ता, रंगीत, आणि त्याखाली माझं नाव पदवीसकट. बेकरीवाल्याने पाव बांधून देताना सांगितलं, यंदा भाव चढलेत सर, मीसुद्धा विकतोय, तुमचे उपकार आहेत.
बायकोला दाखवलं नाही. तिच्या पर्समध्ये आधीच एक प्रत होती.

३१ डिसेंबर
घर रिकामं केलं. ट्रक लहान, सामान लहान. बायकोने नळ आणि गॅस तपासला. दिवे माझ्याकडे होते.

१९ जानेवारी, सायं. ७
मेहुण्याच्या गच्चीवरची खोली. घाटाच्या पायथ्याशी. बायको पहाटे साडेपाचच्या बसने ड्यूटीला वर जाते. मेहुणा काही म्हणत नाही, फक्त ‘दाजी, फुगा काय म्हणतो?’ असं रोज विचारतो.
इथून आमची गल्ली स्पष्ट दिसते. दुर्बीण आणली. आता आपण तिथले रहिवासी नाही, त्यामुळे नियम एक लागू नाही. बेचाळीस घरं मोजता येतात.
आज बेचाळीसपैकी बेचाळीस अंधारात. सिद्धांत पूर्ण सिद्ध झाला. बायकोला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ दुर्बीण खाली ठेवली नाही. मग म्हणाली, आपल्या बाथरूमचा दिवा अजून चालूच आहे हो. एकोणीस दिवस झाले, कुणी फिरकलेलं नाही.
बघितलं. चालू आहे.
बाथरूमची खिडकी नियमाप्रमाणे धरलेली नाही.