पानाचं तबक पाठवण्याआधी

प्रिय मारलिउस,

एकतीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळे सुखरूप आहेत. दुपारची वेळ आहे. सिंगालांग डोंगर धुक्यात अर्धा बुडालाय, अंगणात दालचिनी वाळत पडलीये आणि तिच्या वासाने मला गुंगी येतेय. अशा गुंगीत तू अजूनही तळ्याच्या बांधावरून येताना दिसतोस. वय झालं तरी मन मेलं ऐकत नाही.

मामांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्यावरचा राग मी अजून जपून ठेवलाय. मशिदीतल्या गुरुजींनी किताब उघडून सांगितलं होतं, की या दोघांच्या लग्नाला धर्माची आडकाठी नाही. मामा शांतपणे म्हणाले, "किताबात नसेल. पण दोघांच्या आया चानियागो कुळातल्या. एका कुळातली पोरं म्हणजे भावंडं. हे लग्न लावलं तर गाव आपल्या घरचं पाणी पिणार नाही." आठवड्याभरात तू जकार्त्याला निघून गेलास. मी मुकाट्याने दुसऱ्या कुळातला नवरा या घरात आणला. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू.

आता काळ बघ. गेल्या वर्षी आपल्याच गावच्या एका जोडप्याने एका कुळात लग्न केलं. पंचांनी एक म्हैस दंड घेतला, गावाने रस्सा ओरपला, विषय संपला. आपलं सगळं आयुष्य एका म्हशीत भागलं असतं रे! मी डोकं दुखतंय म्हणून जेवायला गेले नाही, घरात बसून रडले.

तुझा लेक यास्रिल वर्षभर इथे तुझ्या आईची सेवा करतोय, ते तुला ठाऊक आहेच. माझी विल्दा म्हातारीला पेपर वाचून दाखवायला जायची. म्हातारी पहिल्या पानालाच घोरायला लागते, तरी ही संध्याकाळपर्यंत वाचत बसायची. मला काय कळत नाही? परवा म्हणाली, "आई, रीतभात आड आली तर आम्ही सरळ शहरात जाऊन काझीपुढे उभे राहू." मला हसूच आलं. अगं वेडे, कूळ आईकडून येतं; तो त्याच्या आईच्या कोतो कुळातला, तू माझ्या चानियागोतली. तुमच्या आड काहीच येत नाही. उलट कुळाच्या नात्याने मी त्याची आत्या, आणि आत्याच्या लेकीसारखं स्थळ नाही, असं आपल्याकडे म्हणतात.

आड येतेय ती मीच. पोराच्या लग्नाचा शब्द त्याच्या मामाच्या, म्हणजे तुझ्या मेहुण्याच्या हातात, आणि त्याच्या कानावर आपली जुनी गोष्ट गेलीये. त्या बाईच्या घरात भाचा देणार नाही, म्हणतो. आम्ही मुलीकडचे रीतीप्रमाणे पानाचं तबक घेऊन मागणी घालायला येऊ, तेव्हा तुला सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की ही माझी बहीण आहे, हिच्याशी माझं दुसरं कुठलंच नातं नाही. आजवर मी तुला एकदाही भाऊ म्हटलं नाही, मामांनी मारलं तरी नाही. पण तुला हे बोलायला सांगायचं, तर आधी मलाच म्हणायला हवं. दादा, माझ्या लेकीसाठी तुझा मुलगा दे.

तुझीच बहीण,
युस्निमार