जावयाची टोपी आणि सोनाळ्याचं ऊन

मु. पो. सोनाळा, जि. बुलढाणा
अधिक ज्येष्ठ

राजमान्य जावईबापू कुलदीपराव यांसी सासरे महादेवराव यांचा आशीर्वाद.

पुण्यात आपण, आमची अश्विनी आणि नात पुष्पांजली सावलीत सुखरूप असालच. इकडे आम्ही उन्हात आहोत, म्हणजे मजेत.

यंदा धोंड्याचा महिना नेमका मेच्या सुट्टीत आला, त्याला मी काय करणार? आपण आलात ते टोपी, गॉगल, लांब बाह्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि नाकावर पांढरं मलम घेऊन. (शेजारच्या अंबूबाईनं विचारलंच, जवायाले भाजलं काय?) आता जावयाचा मान घरात पंख्याखाली केला तर गावाला दिसणार कसा? म्हणून मी तो शेतात, नव्या विहिरीवर ठेवला, भर बारा वाजता. या वेळेला कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, असं आपण म्हणालात. बरोबर आहे, कुत्र्याला जावई नसतो.

गाव काही आलं नाही. (झोपलं होतं.) अनारसे आले, पण मानाचा दुपट्टा घरीच राहिला. मग मी माझ्या डोक्याचा सोडून आपल्याला बांधला. आपल्या डोक्यावर टोपी आणि टोपीवर दुपट्टा, माझ्या डोक्यावर नुसतं टक्कल. आपण लगेच टोपी पुढे केलीत, पण जावयाची वस्तू आमच्यात घेत नाहीत. बाटली पुढे केलीत, तर ते लेकीच्या घरचं पाणी. शिवाय ऊन लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा होता. (तो नंतर शिजलेला निघाला.) मी विहिरीची खोली सांगत होतो, तेवढ्यात विहिरी दोन झाल्या, मग जावईही दोन झाले. एका दुपट्ट्यात दोघांचा मान कसा करणार, म्हणून मी खाली बसलो.

पुढचं ऐकून माहीत आहे. आपण मला लिंबाखाली नेलंत, तोच दुपट्टा भिजवून अंगावर टाकलात, वारा घातलात आणि खांद्यावर टाकून दवाखान्यात पोचवलंत. (सासरा जावयाच्या खांद्यावर, हे मात्र सगळ्या गावानं पाहिलं.) इथवर उपकारच. पण निघताना आपण म्हणालात, यापुढे पोरीला मे महिन्यात इथे आणणार नाही. ऊन काय मी पाडतो? ते बोलणं मला सलाईनच्या सुईपेक्षा जास्त टोचलं, आणि अजून टोचतं.

आपला,
महादेवराव

ता. क. मी सुधारलो आहे. शेतात सहाला जातो, नऊला घरी येतो, पाणी मागून पितो. फक्त आपल्यासारखी एक टोपी हवी. जावयाची चालत नाही, पण नातीच्या हातची चालते, असं मी ठरवलं आहे. पार्सल नको. तिनं स्वतः येऊन डोक्यावर ठेवावी, आणि मेमध्येच. दिवाळीत टोपी काय कामाची?

ता. क. जवाईबापू, मी तुमची सासू अन्नपूर्णाबाई. तुमची टोपी अठीच राह्यली. दिवसभर यायच्याच डोक्स्यावर असते, पंख्याखालीबी काढत नाहीत. टोपी नोका आनू. पोरीले आना.